वन विभाग की सामाजिक वनीकरण? ‘फॉरेस्टवाले’ दोन्हीकडे

मराठवाड्यात झाडांशी संबंध असलेला कोणताही सरकारी माणूस ‘फॉरेस्टवाला’. रानडुकरांनी भुईमूग उकरला की लोक त्याला गाठतात, बांधावर लावायला रोपं हवी असली तरी त्यालाच. मग ऐकायला मिळतं, ‘ते आमच्याकडं नाही, सामाजिक वनीकरणात जा.’ लोकांना वाटतं टोलवाटोलवी चाललीय. कधीकधी ती असतेही. मंत्रालयात दोन्ही खाती महसूल व वन विभागाखालीच येतात, अधिकारीही इकडून तिकडं बदलून जातात, त्यामुळं गोंधळ होणारच. पण कामं मात्र खरोखर वेगळी आहेत.

वन विभागाचं काम जमिनीपासून सुरू होतं. सरकारनं वन म्हणून नोंदवलेली जमीन राखणं, तिथली चोरटी तोड, अतिक्रमण, वणवा आणि शिकार रोखणं हे त्याचं मूळ काम. त्यासाठी 1927 चा भारतीय वन कायदा आणि 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा हाताशी आहेत, म्हणून वनरक्षक गुन्हा नोंदवू शकतो. 1980 च्या वन संवर्धन कायद्यामुळं वनजमीन दुसऱ्या कामाला वळवायची तर केंद्राची मंजुरी लागते. गावचा रस्ता वर्षानुवर्षं अडकतो तो बहुधा इथंच. गंमत अशी, की त्या जमिनीवर झाड असलंच पाहिजे असं नाही. बालाघाटच्या डोंगरातले कुसळी गवताचे उघडे उतार कागदावर वन असतात, आणि शेजारचं चांगल्या सावलीचं गायरान वन विभागाचं नसतं.

सामाजिक वनीकरणाकडं अशी राखायला जमीन नाही. 1982 साली महाराष्ट्रात हे खातं सुरू झालं ते वनाबाहेर झाडं वाढवायला, म्हणजे गावालाच सरपण आणि चारा मिळाला की जंगलावरचा भार हलका होईल या हिशेबानं. रस्त्याच्या कडा, कालव्याचे काठ, गायरान, शाळेचं आवार ही त्याची जागा. रोपवाटिकेत रोपं तयार करायची, खड्डे घेऊन ती लावायची, साधारण तीन वर्षं पाणी घालून जगवायची आणि मग ग्रामपंचायतीच्या ताब्यात द्यायची. बरीचशी मजुरी रोजगार हमीतून निघते. सुरुवातीच्या काळात सुबाभूळ आणि निलगिरीवर भर होता. आता कडुनिंब, करंज, चिंच, वड जास्त दिसतात, आणि ते बरंच झालं.

माझ्या मते मराठवाड्यात खरी कसोटी या दुसऱ्या खात्याची आहे. किनवटचा सागाचा पट्टा किंवा कन्नडकडचं गौताळा अभयारण्य सोडलं तर राखायला दाट जंगल आहेच किती? लातूर जिल्ह्यात तर एक टक्कासुद्धा वन नाही. तिथं सावली वाढायची ती रस्त्याकडेला आणि गायरानावरच. आणि नेमकी हीच झाडं हस्तांतरणानंतर उघडी पडतात. चौथ्या उन्हाळ्यात टँकर येत नाही, राखणदाराचा पगार निघत नाही, शेळ्या शिरतात. ग्रामपंचायतीकडं त्यासाठी वेगळा पैसा क्वचितच असतो. लागवडीचे आकडे खात्याच्या नावावर लागतात, मेलेल्या झाडांचा जाब मात्र कुणालाच द्यावा लागत नाही.

आता कुणाकडं जायचं ते. रानडुक्कर, रोही (नीलगाय) किंवा काळविटानं पीक खाल्लं, तर भरपाईचा अर्ज वन विभागाकडं. खुणा ताज्या असतानाच द्या, पंचनाम्याला त्या लागतात. विहिरीत बिबट्या पडला तरी तेच. रोपं हवीत, पडीक गायरानावर लागवड हवी, तर ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन सामाजिक वनीकरण. फसगत होते ती तोडीच्या वेळी. सामाजिक वनीकरणातून आणलेला साग तुमच्याच बांधावर वाढला, तुम्हीच पाणी घातलं, तरी तोडायचा तर 1964 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणं परवानगी लागते आणि तिच्यासाठी वन विभागाचंच दार ठोठवावं लागतं. आंबा, चिंच, जांभूळ, मोह हेही त्या कायद्याच्या यादीत आहेत.