तेल भरपूर, तरी दिवा लाल

मे महिन्यातल्या एका दुपारी शेजारच्या काकांचा फोन आला, खंबाटकीच्या चढावरून. "अरे, गाडीत तेलाचा लाल दिवा लागलाय. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची काडी, काढून बघितली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर आहे! सेन्सर गेला असणार. जाऊ का असाच साताऱ्यापर्यंत?"

म्हटलं, "काका, आधी इंजिन बंद करा आणि आता परत चालू करू नका." काका वैतागले. चारच दिवसांपूर्वी त्यांनी इंजिन ऑइलमध्ये एक महागाची बाटली रिकामी केली होती. "इंजिनचं आयुष्य दुप्पट" असं त्यावर ठळक छापलेलं. दुप्पट आयुष्याच्या इंजिनाला चौथ्याच दिवशी धाप लागली, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

गोंधळ मुळात त्या चित्रामुळे होतो. शिवणयंत्राच्या तेलकुपीसारखी दिसणारी ती लाल खूण बघितली की वाटतं, तेल संपत आलंय. बहुतेक गाड्यांत त्या दिव्याला तेल किती आहे याचा पत्ताच नसतो. त्याला कळतो फक्त दाब. तेलाच्या वाटेवर अंगठ्याएवढा एक स्विच बसवलेला असतो. त्याच्या आत पातळ पडदा आणि एक स्प्रिंग. तेलाचा दाब साधारण 0.3 ते 0.5 बारच्या (बार हे दाबाचं माप) खाली गेला की पडदा मागे सरतो आणि दिवा लागतो. (पिवळा दिवा पातळी सांगणारा असतो, पण तो काहीच गाड्यांत असतो.) कारच्या टायरमध्ये आपण 2 बारच्या वर हवा भरतो. म्हणजे हा दिवा टायरच्या दाबाच्या पाव हिश्शालाही पोचत नाही इतक्या कमी दाबावर जागा होतो. चालत्या निरोगी इंजिनात तेल 2 ते 4 बारवर वाहत असतं. तेव्हा लाल दिवा ही पूर्वसूचना नव्हे. पाणी नाकापर्यंत आल्यावर मारलेली हाक आहे ती.

हा दाब नेमका करतो काय? इथे 1883 सालची एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसांना तेल कसं द्यावं याचे प्रयोग करत होता. तेल सोडायला म्हणून त्याने बेअरिंगच्या, म्हणजे आस ज्यात टेकून फिरतो त्या खोबणीच्या, डोक्यावर एक भोक पाडलं. आस फिरू लागला तसं तेल आत जायचं सोडून त्याच भोकातून बाहेर येऊ लागलं. त्याने बूच लावलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. शेवटी त्याने तिथे दाबमापक बसवला, तर काटा 200 पौंडांच्या पलीकडे गेला. बेअरिंगवरचा भार मात्र सरासरी 100 पौंड प्रति चौरस इंच एवढाच होता. फिरता आस तेलाला पाचरीसारखं चिंचोळ्या फटीत ओढत नेत होता आणि त्या पाचरीवर स्वतःच उचलला जात होता. 1886 मध्ये ऑस्बॉर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. भर पावसात महामार्गावर वेगातल्या गाडीचं चाक पाण्यावर तरंगतं आणि स्टिअरिंग हलकं लागतं, तेही याच कुळातलं.

तुमच्या इंजिनचा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला गरगर फिरवतात तो दांडा, असाच तरंगत असतो, केसापेक्षाही पातळ थरावर. उचलायचं काम तो थर करतो. पंपाचं काम फक्त त्या फटीत तेल कमी पडू न देण्याचं. फटीत तेलाऐवजी हवा शिरली तर काही सेकंदांत धातूला धातू लागतो आणि मग "इंजिनचं काम निघतं".

काकांच्या गाडीत हवाच शिरली होती. तेल खालच्या चेंबरमध्ये साठतं आणि क्रँक त्याच्या जरा वर फिरतो. ठरलेल्या मापाच्या वर आणखी बाटलीभर द्रव ओतला की पातळी क्रँकपर्यंत पोचते आणि तो तेलाला रवीसारखा घुसळतो. घुसळल्यावर फेस येणारच. फेस दाबला जातो, आणि फेस ओढणाऱ्या पंपाला दाब धरता येत नाही. तेल जास्त झाल्यामुळे तेल कमी असल्याची लक्षणं दिसतात ती अशी. डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत जेमतेम लिटरभराचं अंतर असतं, त्यामुळे बाटली लहान दिसली तरी हिशोबात लहान नसते. तसं चढावर उभ्या गाडीत डिपस्टिकवर भरवसा ठेवायचाच नसतो. जमीन सपाट हवी, आणि इंजिन बंद करून पाचदहा मिनिटं थांबायला हवं. पण पुढे सपाटीवर पाहिलं तेव्हाही काकांचं तेल खुणेच्या बोटभर वर होतं. काडीला बारीक बुडबुडे चिकटले होते.

आता बाटलीत काय असतं ते बघू. "दाब वाढवणारं" म्हणून जे विकतात त्यात मुख्यतः घट्टपणा देणारे पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारखे रेणू, असतात. काकवी जानेवारीत बाटलीतून उतरत नाही आणि चुलीवर ठेवली की पाण्यासारखी धावते, तेलाचंही तसंच. 5 डब्ल्यू 30 नंबरचं तेल 40 अंशांना जेवढं दाट असतं त्याच्या साधारण एक षष्ठांश दाट ते 100 अंशांना उरतं. त्या 30 आकड्याचा अर्थ एवढाच की 100 अंशांना त्याची श्यानता, म्हणजे दाटपणा, 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक्सच्या (दाटपणाचं माप) मध्ये आहे. हे पॉलिमर थंडीत अंग मुडपून बसतात आणि उकाड्यात हातपाय पसरतात, म्हणून गरम तेल फार पातळ होत नाही. गंमत म्हणजे अशा दोन आकड्यांच्या, मल्टिग्रेड तेलात ते कंपनीने आधीच घातलेले असतात. सोबत झीज रोखणारं जस्ताचं संयुग आणि काजळी तरंगती ठेवणारे पदार्थही असतात. या जमलेल्या आमटीत वरून आणखी मूठभर मीठ टाकायचं कशाला, हा माझा साधा प्रश्न आहे.

दुसरी जात टेफ्लॉनसारख्या कणांची. अमेरिकेत स्लिक 50 नावाचं असं उत्पादन फार खपायचं. त्याच्या जाहिरातींतले दावे पुराव्याविना केल्याचा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 1996 मध्ये ठेवला, आणि पुढच्या वर्षी कंपनीने तडजोड केली.

तिसरी जात फ्लशची, म्हणजे इंजिन आतून धुणाऱ्या द्रवाची, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती हिची. जुन्या इंजिनात वर्षानुवर्षं बसलेला गाळ फ्लशने सुटतो, पण सुटून जातो कुठे? तेलाबरोबर सगळा बाहेर पडला तर उत्तम. राहिलेला मात्र पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर जाऊन बसतो.

त्यामुळे दिवा लागला की मी पहिलं विचारतो, कधी लागतो? वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर लुकलुकला तर तेल खरंच कमी असण्याची शक्यता मोठी, कारण उरलेलं तेल एका बाजूला जातं आणि पंपाचं तोंड उघडं पडतं. इंजिन तापल्यावर सिग्नलला उभं असताना लागून जरा रेस दिली की विझला, तर तेल पातळ झालंय किंवा बेअरिंग झिजलीत. उलट, रेस दिल्यावर, चढावर लागला तर जाळी तुंबलीय किंवा तेलाला फेस आलाय. आणि इंजिन गार असो, गरम असो, दिवा जळतच राहिला, कुठलाही आवाज नाही, तर स्विच किंवा वायर बिघडलेली असू शकते. पण ते "असू शकतं" दाबमापक लावून तपासल्याशिवाय कुणी गाडी पुढे नेऊ नये. प्रदूषणाचे बीएस 6 नियम पाळणाऱ्या डिझेल गाड्यांत आणखी एक भानगड होते. धूर गाळणारा फिल्टर जाळून साफ करताना थोडं डिझेल चेंबरमध्ये उतरतं. मग काही न ओतता पातळी वर चढते आणि तेल पातळ होतं.

काकांची गाडी टो करून आणली. मेकॅनिकने स्विच काढून त्याच आट्यांत दाबमापक लावला. गरम इंजिन, जागेवर चालू: 0.6 बार. रेस देऊन मिनिटाला फेरे 3000 केले तर काटा चढायच्या ऐवजी थरथरत खाली आला. त्याने मान वर न करता विचारलं, "फ्लश मारलं होतं का?" काकांनी महिन्यापूर्वी मारलं होतं. त्यानंतर दिवा मधूनच लुकलुकायला लागला, म्हणून तर ती घट्ट करणारी बाटली आणली! अर्धवट तुंबलेल्या जाळीतून जास्त दाट तेल ओढायला लावलं, आणि वर फेस.

चेंबर उतरवल्यावर जाळी दिसली. तिच्या छिद्रांवर काळ्या जेलीसारखा थर होता, जेमतेम तिसरा हिस्सा मोकळा. बेअरिंग नशिबाने वाचल्या होत्या. जाळी धुतली, नवा फिल्टर लावला, पुस्तिकेत लिहिलेल्या नंबरचं तेल मापात भरलं. जागेवर 1.2 बार, 3000 फेऱ्यांना साडेतीन.

बाटली "एकावर एक" योजनेतली होती. दुसरी अजून काकांच्या फळीवर आहे. त्यातलं थोडं सोसायटीच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना लावलंय.