इम्पोर्टच्या ओळी कोणी लिहायच्या?

कोड जनरेटर, म्हणजे आपल्यासाठी कोड लिहून देणारं साधन, वापरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही: तयार झालेला क्लास दिसायला अगदी नीट, पण कंपायल होत नाही, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम बनत नाही. बहुतेकदा दोष फाइलीच्या वरच्या इम्पोर्टमध्ये, म्हणजे दुसरीकडचे कोणते क्लास वापरायचे हे सांगणाऱ्या ओळींमध्ये, असतो.

ओपनएपीआय जनरेटर एपीआयचं, म्हणजे प्रोग्रामनी एकमेकांशी कसं बोलायचं याचं, वर्णन वाचतो आणि टेम्प्लेटमध्ये (रिकाम्या जागा असलेल्या साच्यात) नावं भरून जावाचे क्लास बनवतो. साध्या मजकुराचं फील्ड (क्लासमधली माहितीची जागा) असेल तर काही प्रश्न नाही, कारण जावात 'स्ट्रिंग' इम्पोर्ट करावी लागत नाही. पण रकमेसाठी आपण स्वतःचा 'मनी' हा टाइप (माहितीचा प्रकार) केलाय, असं समजा. मग दोन गोष्टी सांगाव्या लागतात. वर्णनातल्या कोणत्या प्रकाराच्या जागी 'मनी' घ्यायचा, ते टाइप मॅपिंगमध्ये. आणि 'मनी' कोणत्या पॅकेजातला (क्लासच्या गटातला), ते इम्पोर्ट मॅपिंगमध्ये. दुसरी राहिली की जनरेटर 'मनी' आपल्याच मॉडेल पॅकेजात आहे असं धरून चालतो. तिथे तो नसतोच, मग कंपायलर अडतो.

घाईत अनेकजण टेम्प्लेटमध्येच इम्पोर्टची पक्की यादी टाकून देतात. हे करू नये. जावात त्यामुळे प्रत्येक फाइलीत नको त्या ओळी साचतात. गो भाषेत तर न वापरलेला इम्पोर्ट ही सरळ चूकच, प्रोग्राम बनतच नाही.

खरी अडचण क्रमाची आहे. टेम्प्लेट वरून खाली लिहीत जातं. इम्पोर्ट सगळ्यांत आधी येतात, पण कोणते लागणार हे खालची फील्ड पाहिल्याशिवाय कळत नाही. मस्टॅश या टेम्प्लेट लिहिण्याच्या पद्धतीत तर मुद्दामच फारसं लॉजिक ठेवलेलं नाही, म्हणून ही यादी जनरेटरलाच आधी तयार करून द्यावी लागते.

स्क्वेअर कंपनीच्या जावापोएट या जावा कोड बनवणाऱ्या लायब्ररीने यावर काढलेला मार्ग मला फार आवडतो. तिथे टाइपचं नाव नुसता मजकूर म्हणून लिहायचं नाही. 'डॉलर-टी' ही खूण ठेवायची आणि टाइप पॅकेजसकट सोबत द्यायचा. लायब्ररी संपूर्ण फाइल दोनदा लिहिते. पहिल्यांदा लिहिलेलं कुठेच जात नाही, फक्त वापरलेले टाइप गोळा होतात. दुसऱ्या फेरीत इम्पोर्टसकट खरी फाइल उतरते.

याचा फायदा नावं सारखी असली की कळतो. जावात 'डेट' नावाचे दोन क्लास आहेत, एक युटिल पॅकेजात, दुसरा एसक्यूएलमध्ये. दोन्ही एकाच फाइलीत आले, तर जावापोएट आधी आलेल्याला इम्पोर्ट करते आणि दुसऱ्याचं नाव प्रत्येक ठिकाणी पॅकेजसकट पूर्ण लिहिते.