जामीन मंजूर, सुटका अडलेली: कैद्याच्या घरच्यांवर येणाऱ्या खर्चाची पार्श्वभूमी

१८९४ च्या कारागृह अधिनियमाचे ३१ वे कलम कच्च्या कैद्याला एक मुभा देते. गुन्हा शाबीत होईपर्यंत त्याला स्वतःच्या खर्चाने राहता येईल आणि ठरल्या वेळी अन्न, कपडे, अंथरूण-पांघरूण विकत घेता किंवा बाहेरून मागवता येईल. मुभा म्हणून लिहिलेले हे कलम घरच्यांच्या वाट्याला जबाबदारी म्हणून आले. साबण, खोबरेल, चप्पल, अंतर्वस्त्रे, कँटीनमधला चहा-बिस्किटांचा खर्च, असे बरेचसे घरून येणाऱ्या पैशावर भागते. हे पैसे वर्षानुवर्षे मनीऑर्डरने गेले आणि टपालखात्याचे कमिशन दर २० रुपयांमागे १ रुपया, म्हणजे शेकडा ५ होते. हजार रुपये पाठवायला पन्नास रुपये जास्तीचे मोजावे लागत.

त्याच अधिनियमाचे ३३ वे कलम याच्या नेमके उलटे आहे. कर्ज बुडवल्याच्या हुकूमनाम्यावरून एखाद्याला दिवाणी कैदेत टाकले असेल, तर त्याच्या कपड्यांचा आणि अंथरुणाचा खर्च सावकाराने द्यायचा. लेखी मागणी हाती पडल्यापासून ४८ तासांत पैसे आले नाहीत, तर कैद्याला सोडता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेतही हुकूमनामा मिळवणाऱ्याने निर्वाहाचा पैसा आधी कोर्टात भरावा लागतो, त्यानंतरच अटक होते. ज्याला कैद हवी त्याने खर्च सोसावा, हे तत्त्व या देशाच्या कायद्याला सव्वाशे वर्षांपूर्वीच ठाऊक होते. फौजदारी कैदेत ते लावले गेले नाही. तिथे सरकार भाकरी देते आणि बाकीचे घराकडे ढकलते.

त्याआधीचा काळ थोडक्यात पाहू. कंपनी सरकारच्या अमदानीत अनेक तुरुंगांत कैद्यांना रोजचा रोख भत्ता मिळे आणि ते आपापला शिधा घेऊन आपापली चूल मांडत. १८४० च्या दशकात भत्ता बंद करून सामाईक स्वयंपाक सुरू झाला. जातीचे सोवळे मोडते म्हणून बिहारच्या तुरुंगांत त्यावरून दंगे झाले. पैसा कैद्याच्या हातातून गेला आणि जिन्नस मोजून देण्याची पद्धत आली. आजच्या तुरुंगाची घडी तिथून बसली.

घरच्यांना सर्वांत जास्त खड्ड्यात घालणारा खर्च मात्र तुरुंगाच्या भिंतीबाहेरचा असतो, आणि त्यातला बराचसा एका शब्दाच्या गोंधळातून येतो. तो शब्द म्हणजे जामीन.

अरबी मुळात जामिन म्हणजे हमी घेणारा माणूस. ‘मी त्याला जामीन राहिलो’ या वापरात तो अर्थ अजून जिवंत आहे. कोर्टाच्या मराठीत हाच शब्द तीन गोष्टींना लागला: हमी घेणारा, त्याने घेतलेली हमी आणि न्यायालयाने दिलेली सवलत. ‘जामीन झाला’ असे वकिलाकडून कळते, घरी दिवा लावला जातो, आणि आठवडा उलटला तरी माणूस आतच असतो. सवलत मिळालेली असते, हमी घेणारा मिळालेला नसतो.

आदेशातली नेहमीची ओळ पाहा: ‘२५,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर व तितक्याच रकमेच्या एक किंवा दोन सक्षम जामीनदारांवर मुक्त करावे.’ ही ओळ ऐकून अनेक घरे पंचवीस हजार उभे करायला धावतात. मंगळसूत्र गहाण पडते, शेकडा तीन-चारने व्याजाचे पैसे येतात. खरे तर हे पैसे कोर्टात भरायचेच नसतात. आरोपी तारखेला आला नाही तर किती वसूल करायचे, याचा तो आकडा आहे. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी. तिला लागते त्याची सही. जामीनदार म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेली हमी. तिला लागतो कागदपत्रे असलेला माणूस. प्रत्यक्ष पैसे भरावे लागतात ते फक्त रोख जामिनात, आणि आदेशात तसे लिहिलेले असेल तरच. म्हणून आदेशाची प्रत हातात घेऊन, या तिघांपैकी नेमके काय मागितले आहे ते वकिलाकडून शब्दशः वाचून घेणे, हे पहिले काम. उसनवारी त्यानंतरची.

ही गुंतागुंत कायद्यातही होती. १८९८ च्या आणि नंतर १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जामीनपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात जामीन हक्काने मिळतो त्या गुन्ह्याची, व्याख्या होती, जामिनाची नव्हती. मुचलक्याची रक्कम अवाजवी नसावी, असे दोन्ही संहितांनी सांगितले. अवाजवी म्हणजे किती, ते न्यायाधीशावर सोडले. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका गरीब गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्याला जामीन आधीच मिळाला होता. खालच्या न्यायालयाने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला, आणि पुढे केलेला भाऊ नाकारला, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. सर्वोच्च न्यायालयाने १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितले आणि एक मोठा प्रश्न निकाली काढला: जामीन या शब्दात जामीनदारासह सुटका येते, तशी जामीनदाराशिवाय, नुसत्या जातमुचलक्यावरची सुटकाही येते. परजिल्ह्यातला जामीनदार केवळ त्या कारणाने नाकारू नये, हेही स्पष्ट झाले.

निकाल आला, सवय गेली नाही. तालुक्याच्या कोर्टात ‘स्थानिक जामीनदार’ ही अट पुढे चार दशके छापील असल्यासारखी येत राहिली. ऊसतोडीला, वीटभट्टीला, बांधकामावर परमुलखात गेलेल्या माणसाला त्या गावात जामीन राहणारा कोण भेटणार? म्हणून १९७८ चा निकाल ऐतिहासिक म्हणून गौरवणे पुरेसे वाटत नाही. ज्याच्या हाती वकील होता त्यालाच तो उपयोगी पडला.

२००५ च्या दुरुस्तीने, जी जून २००६ पासून लागू झाली, संसदेने एक ठोस मुदत घातली: जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून एका आठवड्यात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस निर्धन आहे असे धरून त्याला जातमुचलक्यावर सोडावे. अजामीनपात्र गुन्ह्यांना ही तरतूद लागू नाही, आणि आत खितपत पडलेले बहुतेक जण त्याच गुन्ह्यांतले. २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते.

३१ जानेवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश या सगळ्यात व्यवहाराला सर्वांत जवळचा आहे, म्हणून त्यातल्या मुदती घरच्यांनी कागदावर लिहून ठेवाव्यात. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंग अधीक्षकामार्फत कैद्याला मिळाली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकाने मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. एका महिन्यात हमीपत्र सादर झाले नाही, तर न्यायालय आपणहून अटी सैल करण्याचा विचार करू शकते. सुटल्यावर कागद जमवण्यासाठी तात्पुरता जामीन मागता येतो. स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळे सुटका रखडते हे मान्य करून, ती घालू नये, असेही सांगितले आहे. सातव्या दिवसानंतर घरच्यांनी प्राधिकरणाच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. अधीक्षकाकडून कळवले जाईल म्हणून थांबू नये. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे १२ वे कलम ते सांगते, आणि तरीही वकिलाच्या पहिल्या हप्त्यासाठी म्हैस विकली जाते.

२०२३ मध्येच गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आली. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० पर्यंत मदत अशी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतली मर्यादा होती. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, अमली पदार्थ, मनी लाँडरिंग आणि यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, यांखालचे आरोपी त्या सूचनांनी वगळलेले. जिल्हाधिकारी, विधी सेवा सचिव, पोलीस अधीक्षक, तुरुंग अधीक्षक आणि एक न्यायाधीश अशा समितीने शिफारस केली की रक्कम मुदत ठेवीच्या किंवा अन्य रूपाने न्यायालयाकडे जमा होते. अडते ते वर सांगितलेल्या शब्दापाशीच. योजना पैसे देते, आदेश माणूस मागतो. ‘सक्षम जामीनदार’ लिहिलेल्या आदेशापुढे चाळीस हजारांची ठेव निरुपयोगी ठरते. म्हणून योजनेच्या अर्जाआधी, किंवा त्यासोबत, जामीनदाराऐवजी रोख रक्कम स्वीकारावी असा अर्ज त्याच न्यायालयात करावा लागतो. १९७३ च्या जुन्या संहितेचे ४४५ वे आणि तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे ४९० वे कलम त्यासाठी आहे. हा अर्ज राहून गेला की फाइल कार्यालयांमध्ये फिरत राहते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने अखेर व्याख्या दिल्या: जामीन म्हणजे अटींवर कायद्याच्या ताब्यातून सुटका, जामीनदारासह दिलेले हमीपत्र वेगळे, जामीनदाराशिवायचे वैयक्तिक हमीपत्र वेगळे. शंभर वर्षांहून जुना घोळ तीन वाक्यांत सुटला. मराठी आदेशांत आणि बातम्यांत मात्र अजून एकच शब्द तिन्हीकडे वापरला जातो, आणि त्याची किंमत वाचणाऱ्याला मोजावी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असा एक आरोपी होता, ज्याला वेगवेगळ्या राज्यांतल्या १३ गुन्ह्यांत जामीन मिळाला होता आणि त्यांतल्या ११ साठी जामीनदार आणणे अशक्य झाले होते. तेच दोन जामीनदार सगळीकडे चालतील, असा मार्ग न्यायालयाने काढून दिला.

जामीनदार नेमका कशावर नाकारला जातो, हे एकदा जवळून पाहायला हवे. तो आणतो आधार कार्ड, रेशन कार्ड, दोन फोटो, आणि ऐपतीसाठी सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक. काही ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात, ज्यासाठी वेगळे हेलपाटे. सातबारावर अजून मेलेल्या आजोबांचे नाव असते, वारसनोंद झालेली नसते. आधारवर गावाचा पत्ता, रेशन कार्डावर शहराचा. आधी किती जणांना जामीन राहिला हे प्रतिज्ञेवर सांगावे लागते, आणि तिथे खोटे निघाले तर सगळेच फसते. त्यातच भाडोत्री जामीनदारांचा बाजार उभा राहतो. बनावट कागद उघडे पडले की जामीन रद्द होण्याची वेळ येते आणि घरच्यांवर नवा गुन्हा येऊ शकतो. भाचा, मेहुणा, शेजारी, कामावरचा मुकादम यांपैकी ज्याची कागदपत्रे एकाच नावपत्त्याची आहेत, त्याला पुढे करणे स्वस्त आणि सुरक्षित. त्याला जोखीम मात्र खरी सांगावी: आरोपी गैरहजर राहिला, तर वसुलीची नोटीस त्याच्या नावाने निघते.

हमीपत्र स्वीकारले तरी सुटकेचा आदेश तुरुंगात पोहोचावा लागतो. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाबाहेरच्या जामीनपेटीची चर्चा ऑक्टोबर २०२१ मध्ये देशभर झाली: आदेशाचा कागद संध्याकाळच्या ठरल्या वेळेआधी पेटीत पडला नाही, तर आणखी एक रात्र आत. नावाच्या स्पेलिंगमध्ये किंवा गुन्हा क्रमांकात फरक, मध्येच दुसऱ्या तुरुंगात झालेली बदली, दुसऱ्या गुन्ह्यातले वॉरंट, ही परत पाठवणीची नेहमीची कारणे. ती कोर्टातून निघण्यापूर्वी आदेश वाचून टाळता येतात.

पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या, कैद्याच्या घराचा हिशेब वेगळा. तुरुंगातल्या मजुरीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले की सक्तमजुरी असली तरी न्याय्य वेतन द्यावे, त्यासाठी राज्यांनी वेतन ठरवणारी समिती नेमावी, आणि अन्नवस्त्राचा खर्च त्यातून वळता करता येईल. वेतनाचा एक भाग पीडितांच्या भरपाईसाठी राखण्याचीही शिफारस होती. वाद वजावटीचाच आहे. पीडिताचा हक्क कुणी नाकारत नाही. पण ज्या मजुरीवर घरी मुलांची फी भरायची, तिच्यातून आधी कैद्याच्याच जेवणाचे पैसे कापायचे म्हटल्यावर उरलेली रक्कम नावापुरती राहते. महाराष्ट्रात १ मे २०२२ पासून येरवड्यात सुरू झालेली ५०,००० रुपयांपर्यंतची कर्जयोजना याच पोकळीतून आली. मजुरीवर भिस्त ठेवून ७ टक्क्यांनी कर्ज. सावकारापेक्षा ती नक्कीच बरी, तरी तुरुंगवासापायी झालेले ते कर्जच.

पोलीस बंदोबस्तात घरी जाण्याची परवानगी मिळते तेव्हा बंदोबस्ताचे बिलही बऱ्याचदा कैद्याच्या माथी येते. २०१७ मध्ये कर्नाटकातून केरळात जाण्यासाठी खटला चालू असलेल्या एका आरोपीकडे सुमारे १४.८० लाख रुपये मागण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने ते १.१८ लाखांवर आणले. आकारणीचा तपशील मागितल्याशिवाय असे बिल भरू नये.

दंड भरता आला नाही म्हणून वाढलेली कैद हा शेवटचा खर्च, आणि त्यातली सवलत फार थोड्यांना माहीत असते. जुन्या दंडसंहितेच्या ६९ व्या कलमाचेच उदाहरण घ्या: दंड १०० रुपये, न भरल्यास चार महिने. पहिला महिना संपण्याआधी ७५ रुपये भरले, तर महिना संपताच सुटका. दुसरा महिना संपेपर्यंत ५० भरले, तरी तेव्हा सुटका. नव्या न्याय संहितेतही हीच सोय आहे. म्हणजे पूर्ण दंड जमेपर्यंत थांबायचे नाही. हाती येईल तेवढी रक्कम भरायची, पावती घ्यायची आणि तिची प्रत अधीक्षकाकडे देऊन उरलेले दिवस नव्याने मोजून मागायचे. रोख जामीन भरला असेल, तर त्याचीही मूळ पावती निकालापर्यंत जपायची. खटला संपल्यावर परताव्याचा अर्ज तिच्यावरच होतो, आणि ज्याच्या नावाने पैसे भरले त्याच्याच नावाने ते परत निघतात.