सुकतीला जुनं नाणं सापडलं? अर्ज कुणाकडे आणि कसा करायचा

अमावास्या-पौर्णिमेच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खडपं (किनाऱ्याचे खडक) उघडी पडतात. तिसऱ्या (शिंपले) काढताना, गळ टाकताना किंवा हल्ली मेटल डिटेक्टर घेऊन गुडघाभर पाण्यात फिरताना कधी तरी हाताला काही लागतं. शिवकालापासूनचं तांब्याचं नाणं म्हणजे शिवराई, चांदीची तार दुमडून केलेलं नाणं म्हणजे लारी, तोफेचा गोळा, नाही तर भोक पाडलेला मोठा दगड. तो दगड जुन्या गलबताचा नांगर असू शकतो. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गच्या पाण्यात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना असे दगडी नांगर मिळाले आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तरुण मुलं हेच विचारतात. खजिना शोधायचा परवाना हौशी माणसाला मिळत नाही. उत्खननाची परवानगी पुरातत्त्वाचं काम करणाऱ्या संस्थांसाठी असते. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा ही केंद्र सरकारची संरक्षित स्मारकं आहेत. त्यांच्या संरक्षित हद्दीत परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं, तिथे तळाला हात लावण्याआधी वनखात्याला विचारावं लागतं. आणि भरतीच्या रेषेखालचा समुद्रतळ व खाडीचा तळ महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे राज्य सरकारच्या मालकीचा. म्हणजे जागा कुणाचीच नाही, ही समजूत चुकीची.

सहज सापडलेल्या वस्तूसाठी मात्र रस्ता आहे, आणि तो १८७८ च्या निखात निधी कायद्याने घालून दिलाय. जमिनीत दडलेली मोलाची कुठलीही वस्तू म्हणजे निधी. तिची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. वाळूवर मोकळी पडलेली वस्तू या व्याख्येत बसते की नाही, यावर मतभेद होऊ शकतो. माझं मत विचाराल तर ते आपण ठरवू नये, कळवून मोकळं व्हावं. न कळवल्यास निधीतला आपला वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

कायद्याला अर्जात तीनच गोष्टी हव्यात: वस्तू काय व अंदाजे किती किमतीची, कुठे सापडली, कोणत्या तारखेला. सोबत आधारची प्रत, वस्तूचे दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो (शेजारी पट्टी ठेवून) आणि मोबाइलच्या नकाशावरचं ठिकाण जोडा. ठिकाणावर मी जास्त भर देतो. संशोधकाला नाण्याइतकीच त्याची जागा बोलते. ती हरवली की अर्धी माहिती गेली. दुसरी प्रत पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या रत्नागिरी विभागाला द्या. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची, नाही तर मागाल तेव्हा हजर करीन असं जिल्हाधिकाऱ्यांना मान्य होईल ते तारण द्यायचं.

आवक खिडकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. एका कार्यालयाने मला ‘असला अर्ज इथे घेत नाहीत’ म्हणून परत पाठवलं होतं. मी तोच अर्ज स्पीड पोस्टाने धाडला आणि पावती जपून ठेवली.

तोवर वस्तू घासू नका, हे हात जोडून सांगतो. आमच्या वाडीतल्या एका पोराला खाडीच्या तोंडाशी शिवराई मिळाली. आजीने कौतुकाने चिंच-मीठ लावून घासली. नाणं लख्ख झालं, पण एका बाजूला ‘छत्र’ एवढंच उरलं, खालचं ‘पति’ गेलं. लोखंडी वस्तू वाळली की आतल्या मिठाने पापुद्रे सुटतात, म्हणून ती समुद्राच्याच पाण्यात बादलीत ठेवा. बॉम्बसारखं काही दिसलं तर हात न लावता ११२ ला फोन करा. बुडालेल्या जहाजाची फळी, सामान किंवा माल असेल तर जहाज वाहतुकीचा कायदा लागतो आणि त्या अवशेषांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे ते सोपवावं लागतं. बंदर कार्यालयात चौकशी करा.

पुढे जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांच्या आतली एक तारीख देतात. शंभर वर्षांच्या आत कुणी ती वस्तू पुरली होती असं दिसलं तर त्याला किंवा त्याच्या वारसाला दिवाणी दाव्याची मुभा असते. निधी बेवारस ठरला आणि जागामालकाशी वेगळा करार नसेल तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश, जागामालकाला एक चतुर्थांश. सरकारला तो हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश देऊन घेता येतो.

वस्तू तुमच्याकडे राहिली तरी १९७२ चा पुरावशेष कायदा तिच्या मागे असतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी पाठवता येत नाही, विक्रीचा धंदा परवान्याशिवाय चालत नाही आणि मूर्तीसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते.

अर्जाचा मजकूर एवढा पुरे:

“मा. जिल्हाधिकारी यांस. विषय: सापडलेल्या जुन्या वस्तूची माहिती. मी (नाव, पत्ता). दि. … रोजी सुकतीच्या वेळी मौजे … येथे … या खुणेजवळ मला … (नग, अंदाजे किंमत) मिळाले. वस्तू साफ केलेली नाही. ती कोषागारात जमा करण्याबाबत आदेश व्हावा. सोबत: फोटो, नकाशा, ओळखपत्र.”