बाह्य ध्वनिपत्र
संगणकाच्या पेटीबाहेर राहून, बहुधा यूएसबी तारेने जोडले जाणारे, आवाज आत घेणारे व बाहेर देणारे उपकरण. बाजारात त्याला एक्स्टर्नल साउंड कार्ड, तर ध्वनिमुद्रण करणारे लोक ऑडिओ इंटरफेस किंवा नुसते कार्ड म्हणतात.

उगमाबाबत एकमत नाही. अ‍ॅडलिब (१९८७) आणि सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर (१९८९) ही संगणकाच्या आत बसणारी पत्रे (कार्डे) होती. बाह्य उपकरणाचा आरंभ काही जण कोव्हॉक्स कंपनीच्या ‘स्पीच थिंग’पर्यंत मागे नेतात. १९८६-८७ च्या सुमारास आलेली ही छोटी डबी प्रिंटरच्या पोर्टला लावीत. रोधकांच्या (रेझिस्टरांच्या) शिडीवर ८ बिटांच्या आकड्याचे विद्युत दाबात रूपांतर होई. मात्र तिच्यात आवाज आत घेण्याची सोय नव्हती आणि प्रत्येक नमुना (आवाजाचे एका क्षणाचे मोजमाप) वेळेवर पाठविण्याचा भार संगणकाच्या प्रोसेसरवरच पडे. दुसरा पक्ष यूएसबी ध्वनीचे समान मानक ठरले त्या १९९८ पासून गणना करतो. आजच्या अर्थाने हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण वेगळा ड्रायव्हर (उपकरण चालविणारी आज्ञावली) न घालता, मानक पाळणारे पत्र निरनिराळ्या संगणकांना जोडणे त्यामुळेच शक्य झाले. स्पीच थिंगला पूर्वज म्हणण्यास हरकत नसावी.

संगणकातील ध्वनिपरिपथ प्रोसेसर, पंखा व वीजपुरवठ्याच्या स्विचिंग परिपथांच्या शेजारी असतो. माइकचा संकेत अवघा काही मिलिव्होल्ट. त्याचे वर्धन या गजबजाटात झाले की खरखरही वाढते. बाह्य पत्रात वर्धन व अंकीकरण (संकेताचे आकड्यांत रूपांतर) वेगळ्या पेटीत होते. कंडेन्सर माइकला लागणारा, माइकच्या तारेतूनच जाणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठाही ध्वनिमुद्रणाची बहुतेक पत्रे देतात. तरीही यूएसबीचे ५ व्होल्ट त्याच संगणकातून येत असल्याने गोंगाट पूर्णतः तुटतो असे नाही.

नमुन्यांची गती ठरविणाऱ्या घड्याळाचा मुद्दा बारकाईने पाहण्याजोगा आहे. ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ पद्धतीत पत्र संगणकाकडून येणाऱ्या नमुन्यांच्या गतीशी स्वतःला जुळवून घेते. ‘असिंक्रोनस’ पद्धतीत पत्राचा स्वतःचा स्फटिक गती ठरवितो व संगणकाला नमुने कमी-जास्त पाठविण्यास सांगतो. दुसऱ्या पद्धतीत कालविचलन (नमुन्यांची वेळ मागेपुढे होणे) कमी राहते. जाहिरातीतील १९२ किलोहर्ट्झ नमुनागतीच्या आकड्यापेक्षा ही गोष्ट अधिक महत्त्वाची. १६ बिटांची गतिक व्याप्ती (सर्वांत मोठ्या व सर्वांत हळू आवाजातील अंतर) सुमारे ९६ डेसिबेल, २४ बिटांची तत्त्वतः १४४. प्रत्यक्षात खोलीतील आवाजच मर्यादा घालतो. २४ बिटांचा खरा उपयोग मुद्रणाच्या वेळी होतो. तुळजापूरच्या गोंधळातील संबळासारख्या वाद्याचे ठोके अचानक उसळतात. मुद्रणाची पातळी कमाल मर्यादेच्या १०-१२ डेसिबेल खाली ठेवली तर ठोका फाटत नाही आणि गोंधळ्यांचे हळू बोलही गोंगाटात बुडत नाहीत.

मराठवाड्यात घराघरांत कीर्तन, भारूड व जात्यावरच्या ओव्यांच्या कॅसेटी पडून आहेत. त्या संगणकावर घेताना हे पत्र विशेष मोलाचे ठरते. अनेक लॅपटॉपांच्या एकमेव जॅकमध्ये आवाज आत घेण्याची सोय माइकपुरती व एकमार्गी (मोनो) असते. टेपचा लाइन-संकेत (माइकपेक्षा बराच जोरदार) त्यात घातल्यास आवाज फाटतो आणि डावा-उजवा भेद जातो. लाइन-इन असलेल्या पत्रात दोन्ही टळते. फीत झिजत जाते, तिचे चुंबकीय लेपन सुटते. म्हणून हे काम लांबविणे योग्य नव्हे.

वीजपुरवठ्यातून येणारी ५० हर्ट्झची घरघर हा दोष मात्र पत्र बदलून जात नाही. उन्हाळ्यात काळी जमीन वाळून तडकते, अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल सरते आणि जमिनीचा विद्युत रोध वाढतो, त्यामुळे घरघर वाढू शकते. खड्ड्यात मीठ-कोळसा असला तरी पाणी घालावे लागते. लॅपटॉपचे चार्जर काढून बॅटरीवर ऐकावे. घरघर थांबली तर दोष वीजजोडणीत समजावा. वीज गेल्यावर चालणारा चौकोनी तरंगाचा इन्व्हर्टर तीव्र गुणगुण मिसळतो. मुद्रण त्यावर करू नये.