डेथ व्हॅलीच्या वाटेवरचं जुनं पाणी

लास वेगासहून डेथ व्हॅलीकडे निघालेले प्रवासी पाह्रम्प गाव मागे पडलं की सहसा कुठे थांबत नाहीत. पुढे अमारगोसाचं वाळवंट पसरलेलं असतं. त्यात करड्या टेकड्या, खुरटी झुडपं आणि सरळसोट रस्ता, एवढंच दिसतं. याच रस्त्याला उत्तरेकडे एक कच्चा फाटा फुटतो. ज्यांच्या हाताशी दोन-तीन तास मोकळे आहेत त्यांनी तो फाटा जरूर घ्यावा. तो ॲश मेडोज राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यात जातो. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातलं हे मरूद्यान कॅलिफोर्नियाच्या सीमेला अगदी लागून आहे. प्रवेशाला पैसे लागत नाहीत आणि गर्दीही जवळपास नसते.

वर्षाकाठी दहा सेंटिमीटरच्या आसपास पाऊस आणि उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर पारा, असं इथलं हवामान. तरीही इथले सात मोठे आणि बरेच लहान झरे मिळून मिनिटाला सुमारे ३८ हजार लिटर पाणी वर आणतात. हा ओघ बारा महिने चालू असतो. एकट्या क्रिस्टल स्प्रिंगचा वाटा मिनिटाला दहा हजार लिटरहून अधिक आहे. तिथवर जायला फळ्यांची उंचावलेली वाट बांधली आहे. कुंडाचं पाणी निळं आणि इतकं नितळ आहे की ज्या विवरातून ते उसळतं ते विवरही वरून दिसतं. हात घातलाच तर पाणी कोमट लागेल, हिवाळ्यातसुद्धा.

एवढं पाणी येतं कुठून? स्थानिक पावसाच्या हिशेबात ते कधीच बसणार नाही. त्याचा उगम दूरवरच्या डोंगरांत आहे, त्यातही मुख्यतः पूर्वेकडच्या स्प्रिंग माउंटन्समध्ये. या रांगेतलं चार्ल्सटन शिखर ३,६३२ मीटर उंच आहे आणि हिवाळ्यात त्यावर भरपूर बर्फ पडतं. वितळलेलं पाणी खडकांच्या भेगांतून खाली मुरतं. हे खडक म्हणजे सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी इथे असलेल्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेले चुनखडक आणि डोलोमाइट. किंचित आम्लधर्मी पाणी त्यांना विरघळवत राहतं, भेगा रुंदावतात आणि जमिनीखाली पाण्याला कित्येक किलोमीटर लांबीच्या वाटा मिळतात. खोलवरून जाताना पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने पाणी तापतं. ॲश मेडोजपाशी मात्र वाट अडते. तिथे एक प्रस्तरभंग, म्हणजे दोन्ही बाजूंचे खडक सरकलेली खोल भेग, आहे आणि त्याच्या पश्चिमेला जुन्या सरोवरांचा चिकण गाळ साचलेला आहे. त्यातून पाणी सहजी पुढे सरकत नाही, म्हणून ते वर येतं. अभयारण्याचा नकाशा समोर धरला तर मोठे झरे जवळजवळ एका रेषेत, सोळा-एक किलोमीटरच्या पट्ट्यात मांडलेले दिसतात. जमिनीखालचा भंग अशा रीतीने जमिनीवर वाचता येतो.

हा प्रवास हजारो वर्षांचा आहे. आज क्रिस्टल स्प्रिंगमध्ये दिसणारं पाणी बर्फ म्हणून पडलं त्याला हजारो वर्षं उलटली आहेत. वय काढायची रीत पाण्यात विरघळलेल्या कार्बन-१४ वर, म्हणजे काळानुसार ठरावीक वेगाने घटत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनवर, अवलंबून असते, पण त्यात एक मेख आहे. चुनखडकातल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ मुळीच उरलेला नसतो. खडक विरघळला की हा कार्बन पाण्यात मिसळतो आणि पाणी आहे त्याहून कितीतरी जुनं भासतं. ही भेसळ वजा केल्यावरच आकड्याला अर्थ येतो. पाणी डोंगरमाथ्याच्या बर्फाचं आहे हे ओळखायला हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या जड समस्थानिकांचं (नेहमीपेक्षा जड अणूंचं) प्रमाण मोजतात, कारण थंड, उंच जागी पडलेल्या बर्फात ते कमी असतं.

अभयारण्याच्या कुंपणाला लागूनच डेव्हिल्स होल आहे. हा सोळा हेक्टरचा तुकडा १९५२ पासून डेथ व्हॅलीच्या संरक्षित क्षेत्रात मोडतो. टेकडीच्या कुशीत खडकाला एक चीर पडलेली आहे आणि तिच्या तळाशी सुमारे ३३ अंश तापमानाचं पाणी आहे. पाणबुडे १३० मीटरच्या खाली गेले, तरी तळ कुणाच्या हाती लागलेला नाही. या विवराच्या भिंतींवर कॅल्साइटचे, म्हणजे पाण्यातून साचणाऱ्या चुन्याच्या खनिजाचे, पातळ थर चढत आले आहेत, हजार वर्षांत मिलिमीटरहूनही कमी. अशा ३६ सेंटिमीटर जाडीच्या एका नमुन्यातून १९९२ मध्ये सुमारे पाच लाख वर्षांच्या हवामानाची नोंद हाती आली आणि तिने खळबळ माजवली. पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांनी हिमयुगं येतात-जातात हा सिद्धान्त खरा मानला, तर आधीच्या हिमयुगाचा शेवट या नोंदीत हजारो वर्षं लवकर झालेला दिसत होता. वाद पुढची दोन दशकं रेंगाळला. २०१६ मध्ये जवळच्याच दुसऱ्या गुहेतल्या कॅल्साइटने तो बराचसा सोडवला. कॅल्साइटचं वय त्यातल्या युरेनियमपासून तयार झालेल्या थोरियमवरून काढतात, आणि खोल पाण्यात बुडालेल्या थरांवर जादा थोरियम बसत गेल्याने पहिला नमुना खऱ्या वयापेक्षा जुना भासत होता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. एका सिद्धान्ताला पडलेलं भगदाड बुजवायला त्याच वाळवंटाच्या पोटात, त्याच पाण्याकडे पुन्हा जावं लागलं.

याच पाण्यात डेव्हिल्स होल पपफिश राहतो. हा मासा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा असतो, त्याला पोटाखालचे पर नसतात आणि आयुष्य साधारण वर्षभराचं. निसर्गात तो जगात दुसरीकडे कुठेही नाही. विवर खोल असलं तरी त्याचं पोट भरतं आणि वीण होते ती पाण्याच्या कडेला बुडालेल्या एका खडकाळ कट्ट्यावर. या कट्ट्याचं क्षेत्रफळ वीस चौरस मीटरही नाही. ऊन तिथेच पोचतं, म्हणून शेवाळ तिथेच वाढतं. हिवाळ्यात तेही ऊन काही आठवडे मिळत नाही.

पाण्याची पातळी थोडी जरी उतरली तरी हा कट्टा उघडा पडतो. १९६८ मध्ये जवळच्या एका मोठ्या शेतीवाडीने विहिरींतून पाणी उपसायला सुरुवात केली. काही विहिरी विवरापासून चार किलोमीटर लांब होत्या. भूजल मोजणाऱ्यांनी १९६२ मध्येच विवराच्या भिंतीत तांब्याचा एक वॉशर ठोकून ठेवला होता. उपसा सुरू होण्याआधी पाणी या खुणेच्या सुमारे ३७ सेंटिमीटर खाली असे, १९७२ पर्यंत ते १२० सेंटिमीटर खाली गेलं. खटला उभा राहिला, मोटारींवर ‘पपफिश वाचवा’ आणि ‘पपफिश मारा’ अशा दोन्ही पट्ट्या झळकू लागल्या. १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: संरक्षित जागेच्या वाट्याचं पाणी भूजलाच्या उपशापासूनही राखलं पाहिजे. त्यानुसार पुढे जिल्हा न्यायालयाने पातळी खुणेच्या खाली ८२ सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरता कामा नये अशी मर्यादा घातली. जमिनीवरचं पाणी आणि जमिनीखालचं पाणी कायद्याने वेगळं धरायची सवय जुनी होती. निसर्गात मात्र ते एकच असतं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती वस्तुस्थिती मान्य केली.

शेतीवाडी गेली तरी धोका टळला नव्हता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या जागी घरं आणि कृत्रिम तलावांची मोठी वसाहत आखली गेली. अखेर एका निसर्गसंवर्धन संस्थेने जमीन विकत घेतली आणि १९८४ मध्ये अभयारण्य झालं. त्याआधीच्या नुकसानीत ॲश मेडोज किलीफिश नावाचा मासा कायमचा गेला होता, तो शेवटचा दिसला १९४८ मध्ये. शेतीसाठी सरळ कापलेले पाट बुजवून झऱ्यांना त्यांच्या जुन्या वळणांनी वाहू देण्याचं काम नंतर वर्षानुवर्षं चाललं. जगात फक्त इथेच सापडणाऱ्या दोन डझनांहून अधिक वनस्पती, मासे, गोगलगायी आणि कीटक आज या लहानशा भागात टिकून आहेत.

पपफिशवरचं संकट दुरूनही येतं. १९ सप्टेंबर २०२२ रोजी मेक्सिकोत ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे २२ मिनिटांनी, २,४०० किलोमीटरवरच्या या विवरात एक मीटरहून उंच लाटा उठल्या. अशा लाटा कट्ट्यावरचं शेवाळ आणि अंडी धुऊन नेतात, पण कुजणारा गाळही साफ करतात. २०१३ च्या वसंतात मोजणीत फक्त ३५ मासे भरले होते. त्याच वर्षी जवळच या विवराची प्रतिकृती असलेलं, जवळजवळ चार लाख लिटरचं टाकं सुरू झालं आणि तिथे माशांची दुसरी फळी वाढवायला घेतली. २०२४ च्या वसंतात विवरातली संख्या १९१ वर पोचली. पुढे भूकंपांच्या लाटांनी कट्टा पुन्हा खरवडून निघाला आणि २०२५ च्या सुरुवातीला ३८ च उरले. मग टाक्यात वाढलेले काही मासे विवरात सोडले गेले.

डेव्हिल्स होलभोवती उंच कुंपण आहे आणि पाहण्याच्या मचाणावरून मासा दिसत नाही. तो पाहायचा हट्ट असेल तर पॉइंट ऑफ रॉक्सला जा. तिथल्या किंग्ज पूलमध्ये त्याचा भाईबंद, ॲश मेडोज अमारगोसा पपफिश, भरपूर आहे आणि वसंतात नर झगझगीत निळे होऊन आपापली हद्द राखताना दिसतात. वाटेजवळच्या खडकांत मेस्कीट या वाळवंटी झाडाच्या शेंगा कुटून झालेले खळगे आहेत, ते इथल्या मूळ रहिवाशांच्या, न्यूवुवी आणि न्यूए लोकांच्या, पिढ्यांचे. उन्हाळा टाळा, पाणी सोबत घ्या, पावसानंतर कच्च्या रस्त्याची चौकशी करूनच गाडी घाला. मुक्कामाला परवानगी नाही, अभयारण्य सूर्योदय ते सूर्यास्त खुलं असतं. फळ्यांची वाट सोडू नका, कारण कडेची खारी माती सुनी वाटली तरी दुर्मीळ रोपं तिच्यातच उगवतात.

२०२३ मध्ये अभयारण्याच्या सीमेजवळ लिथियमच्या शोधासाठी भोकं पाडायची एक योजना पुढे आली. खटला दाखल झाल्यावर सरकारने दिलेली मंजुरी मागे घेतली. असे प्रस्ताव पुन्हा येतील, कारण बॅटऱ्यांची भूक वाढते आहे. त्यांचा विचार करताना कुंपणापासूनचं अंतर मोजून भागत नाही. जमिनीखाली कुठला खडक कुठल्या खडकाला जोडलेला आहे, ते आधी तपासावं लागतं.