‘ये-जा करणारा’ वाघ : सत्तरीतल्या एका शब्दाची पार्श्वभूमी

मोठ्या मांसभक्षक प्राण्यांचे संशोधन आणि संवर्धन या विषयावर गोव्यात जाहीर व्याख्यान असले, की वक्ता बिबट्यावर बोलो वा रानकुत्र्यावर, प्रश्नोत्तरांत कोणीतरी विचारतेच: वाघ आपल्याकडे राहतो, की नुसता येऊन जातो? गोव्याच्या जंगलात व्याघ्र प्रकल्प करायचा की नाही, हा वाद त्यावरच अडला आहे, म्हणून वरवर साध्या वाटणाऱ्या या प्रश्नाभोवती गेली पंधरा वर्षे पत्रे, अहवाल आणि कोर्टाच्या तारखा फिरत आहेत.

गोव्याच्या डोंगरपट्ट्याला वाघ नवा नाही. सत्तरी तालुक्यातल्या केरीजवळच्या डोंगराचे नावच वाघेरी, आणि वाघाला देव मानून पुजणारी गावे सत्तरी-सांगे भागात आहेत. आजचा वाद मात्र 1999 पासून सुरू होतो. राष्ट्रपती राजवट असताना म्हादई (208 चौ. किमी) आणि नेत्रावळी (211 चौ. किमी) ही दोन अभयारण्ये जाहीर झाली. जंगलाच्या दृष्टीने तो निर्णय दूरदृष्टीचा होता. पण पिढ्यान्‌पिढ्या काजूच्या बागा करणाऱ्यांचे जमिनीचे हक्क निकालात निघण्याआधीच हद्द आखली गेली, आणि ती जखम भरली नाही.

2009 मध्ये केरीत वाघ मारला गेला. तोवर ‘गोव्यात वाघ नाही’ म्हणणे सोपे होते, कारण पुरावा म्हणजे पावलांचे ठसे, विष्ठा आणि गुराख्याचा शब्द. देशभर ठशांवरच गणना चाले. 1972 मध्ये त्याच पद्धतीने 1,827 वाघ मोजले गेले होते. राजस्थानच्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पातले वाघ संपल्याचे 2005 मध्ये उघड झाले, तेव्हा ठशांवरचा विश्वास पार उडाला. त्यानंतरच्या पहिल्या अंदाजात कॅमेरा ट्रॅपचा आधार घेतला गेला आणि आकडा आला 1,411.

कॅमेरा ट्रॅपची रीत समजून घेण्यासारखी आहे. रानवाटेच्या दोन्ही बाजूंना झाडाला गुडघ्याइतक्या उंचीवर, जनावर समोरून गेले की आपोआप फोटो काढणारी एकेक पेटी बांधतात. दोन कशाला? वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीशी जुळत नाहीत, आणि दोन वाघांचे तर कधीच नाहीत. दोन्ही कुशी टिपल्या, की तो वाघ पुन्हा कुठेही दिसला तरी ओळखता येतो. 2013 मध्ये म्हादईत असाच वाघ कॅमेऱ्यात आला. 2014 च्या राष्ट्रीय अंदाजात गोव्याच्या नावावर 5 वाघ आले, 2018 च्या अंदाजात 3.

‘नाहीच’ म्हणायची सोय संपली, तसा ‘ये-जा करणारा’ हा शब्द पुढे आला. जीवशास्त्रात तो एकेका जनावरापुरता वापरतात. आईपासून सुटलेला, स्वतःचा मुलूख अजून न मिळालेला तरुण वाघ भटकत असतो. मुलूख मिळाला की तोच निवासी होतो. म्हणजे ही वाघाच्या वयातली एक अवस्था झाली. गोव्याच्या फायलींत ती अख्ख्या जंगलाला चिकटवली गेली: इथले वाघ कर्नाटकचे, आपले नव्हेत. म्हादईला कर्नाटकातले भीमगड अभयारण्य लागून आहे, दक्षिणेकडचे रान कर्नाटकातल्याच काळी व्याघ्र प्रकल्पाला भिडते आणि वर महाराष्ट्रातले तिळारीचे रान आहे. एका नराचा मुलूख शंभर चौरस किलोमीटरपर्यंत पसरू शकतो. त्याच्या वाटेत राज्याची हद्द कुठे लागते, हे त्याला कोण सांगणार? वन्यजीव कायद्यात 2006 च्या दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पाची तरतूद आली, पण अमुक इतके वाघ कायम वस्तीला असलेच पाहिजेत अशी अट तिथे कुठेही नाही. माझ्या मते या एका शब्दाने गोव्याची दहा वर्षे वाया घालवली.

जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विषबाधा झाली होती. त्याआधी वाघाने गुरे मारली होती, आणि गोठ्यावरच ज्याचे घर चालते त्याला भरपाईचे पैसे वेळेत हातात पडणे किती मोठे असते, हे सत्तरीत कोणालाही विचारावे. अटक झाली, चौकशा झाल्या. पण बछड्यांसकट फिरणाऱ्या वाघिणीला पाहुणी म्हणायला आता तोंड उरले नव्हते.

गोव्यातले हे जंगल व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करा, अशी सूचना केंद्राकडून 2011 पासून येत होती. राज्याचे म्हणणे, ही शिफारस आहे, बंधन नव्हे. 24 जुलै 2023 रोजी उच्च न्यायालयाने ते अमान्य केले. तीन महिन्यांत अधिसूचना काढा आणि वनवासींचे जमिनीच्या हक्कांचे दावे बारा महिन्यांत निकालात काढा, असा आदेश दिला. या दुसऱ्या भागाची चर्चा फार कमी झाली. खरे तर गावांतली भीती त्यानेच हलकी झाली असती. ‘कोअर’, म्हणजे प्रकल्पाचा कडक संरक्षणाचा आतला भाग, झाला की उद्या घर खाली करा, असेच लोकांच्या कानावर गेले होते.

राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. 2025 मध्ये तिथे ‘जैसे थे’चा आदेश झाला आणि न्यायालयाच्या समितीने पाहणी केली. तिने टप्प्याटप्प्याने जाण्याचा मार्ग सुचवला: काळीला लागून असलेला, घरे अगदी थोडी असलेला भाग आधी घ्यावा, दाट वस्तीचा नंतर, लोकांशी बोलून.